कोरड्या दाताचा हट्ट

"डब्यात काय आणलंय आज, डॉक्टरीणबाई? शेंगदाण्याची चटणी असली तर आधी ती काढा."

दर खेपेचा हा विनोद करून घोरपडे सरांनी माझ्या हातातला स्टीलचा डबा घेतला आणि झाकण उघडलं. आत ओल्या कापसावर माणसांचे दात होते. प्रत्येक दात गुलाबी ॲक्रिलिकच्या छोट्या ठोकळ्यात गळ्यापर्यंत रुतवलेला, वरून सपाट घासलेला, आणि त्या सपाटीवर दाताच्याच रंगाचं फिलिंगचं एक इवलंसं, बुटकं नळकांडं चिकटवलेलं. खडूचा तुकडा उभा करून ठेवावा तसं.

घोरपडे सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत लोखंडी सळया ताणून तोडायचं एक अवाढव्य यंत्र होतं. दातांच्या डॉक्टरांना असलं यंत्र कोण देणार? म्हणून एमडीएसच्या प्रबंधासाठी मी दात घेऊन एसटीने त्यांच्याकडे यायची. त्यांनी माझ्यासाठी हौसेनं एक लहानसं पातं आणि पकड घडवून घेतली होती. यंत्र त्या पात्यानं दातावरच्या बुटक्याला बाजूनं दाबत जायचं. किती जोर लागल्यावर ते सुटतं, ते तबकडीवरच्या काट्यावरून कळायचं. मला मोजायचं होतं ते एवढंच, की हे नवं चिकटद्रव्य दाताला किती घट्ट धरतं.

दाताचं वरचं पांढरं कवच घासून काढलं की आत पिवळसर थर लागतो, तो डेंटिन. कवचाला चिकटवणं सोपं. डेंटिन मात्र जिवंत दातात सदा ओलसर, त्याला काही धरवणं अवघड. आधी त्यावर सौम्य ॲसिड लावायचं, ते धुवायचं, मग चिकटद्रव्य. आणि धुणं व चिकटवणं या दोहोंच्या मध्ये काय करायचं, याबद्दल आमच्या कॉलेजात दोन मतं नव्हती. आमचे विभागप्रमुख डॉ. उपळेकर सर विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना सांगत आले होते, "हवा मारा. दात खडूसारखा पांढराफटक दिसेपर्यंत मारा. ठणठणीत कोरडा!" ते 'ठणठणीत' असं म्हणायचे की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडायची.

प्रबंधाचा विषयही त्यांनीच दिलेला. आपण शिकवतो त्याला आकड्यांचा आधार असावा, निवृत्तीच्या आधी ते एकदा कागदावर यावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्या दिवशी घोरपडे सरांनी पहिला दात पकडीत बसवला. पातं सरकलं. टक्. बुटकं खाली पडलं.

"हे काय ओ? काटा अजून नीट हललाबी न्हाई."

दुसरा दात. तेच. तिसरा लावायच्या आधीच त्यांच्या बोटाचा धक्का लागून सुटला. माझे कान गरम झाले. मागच्या दोन खेपांनाही असंच झालं होतं, म्हणून या वेळी मी एकेका दातावर जीव ओतला होता. नवी बाटली, नवा ब्रश. कोरडा तर असा केला होता की सरांनी पाठ थोपटली असती.

"त्या कोपऱ्यातले चार कुठले?" घोरपडे सरांनी विचारलं.

"ते बाद आहेत, सर. करताना वीज गेली, कंप्रेसर बंद पडला. हवा मारता आली नाही म्हणून कापसाच्या बोळ्यानं नुसते टिपले. यंत्र लावून बघायला होतील म्हणून आणलेत."

"मग बघूया की."

पातं सरकलं. काटा चढायला लागला. मी बुटकं पडायची वाट बघत होते आणि काटा चढतच होता. घोरपडे सर खुर्चीतून उठून तबकडीशी गेले. शेवटी असा आवाज झाला की मी दचकले. त्यांनी पडलेला तुकडा चिमटीत धरून उजेडात नेला.

"डॉक्टरीणबाई, ह्यानं दातच फाडला! सांधा सुटलाच न्हाई, दाताचा टवका घेऊन आलाय."

उरलेल्या तिघांनीही तेच केलं.

परतीच्या एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर उपळेकर सरांचा चष्मा येत होता. सर कधी ओरडत नसत. चष्म्याच्या वरून नुसतं बघायचे, आणि समोरचा आपलं नावसुद्धा विसरायचा. त्यांच्या तासाला कुणी शंका विचारल्याचं मला आठवत नाही. एका परदेशी मासिकात मी अलीकडेच वाचलं होतं की दात किंचित ओला ठेवला तर पकड चांगली बसते. ते पान मी त्यांना दाखवायला नेलं नव्हतं. दाराशी जाऊन परत आले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र गेले. वाटेत म्हणत गेलेली सगळी वाक्यं दारातच गळाली. मी दोन तुटलेले ठोकळे आणि एक भिंग त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं.

सरांनी भिंग उचललं नाही. "कंप्रेसरमधून तेल येत असेल. हवेबरोबर तेलाचे कण बसले की काहीही चिकटायचं नाही."

"आरशावर हवा मारून बघितली, सर. आरसा स्वच्छ होता."

"मग तुझा हात चुकत असेल."

"असेल, सर," मी म्हणाले. आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "म्हणूनच... तुम्ही करून बघाल का?"

चष्म्याच्या वरून ती नजर आली. माझ्या पायाखालची फरशी जिथल्या तिथे आहे ना, हे मी बघून घेतलं.

"दात ठेव इथे," सर म्हणाले.

त्या आठवड्यात दुपारचे पेशंट संपले की सर बाह्या दुमडून बसायचे. मी शेजारी उभी. त्यांना काम करताना मी कितीदा तरी पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. साठीला आलेल्या माणसाची बोटं, पण ब्रश टेकवताना जराही कंप नाही. कोरडे करायचे ते दात त्यांनी मनापासून कोरडे केले. खडूच काय, पिठीसाखर म्हणावी असे. मग ओल्यांची पाळी आली. कापसाच्या बोळ्यानं टिपून त्यांनी चिकटद्रव्याची बाटली उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"अंग न पुसता कपडे घातल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

मला हसू आलं. सरांसमोर मला हसू येऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं.

प्रत्येक ठोकळ्याच्या तळाला त्यांनी खूण कोरली. कोरड्याला एक, ओल्याला दुसरी. आणि त्यांच्या जुन्या फियाटमधून आम्ही घोरपडे सरांकडे निघालो. वाटभर सर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मी मांडीवरच्या डब्याला खड्ड्यांचे हिसके बसू नयेत म्हणून तो अधांतरी धरून बसले होते.

घोरपडे सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, कुठला दात कसला ते मला सांगूच नका. मी न बघता उचलतो, तोडतो, आणि मग तळ बघूया. म्हंजे माझ्यावर आळ नको, हिच्यावर नको, तुमच्यावरबी नको."

"उत्तम," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. चहा नको म्हणाले.

टक्. काटा जेमतेम हललेला. घोरपडे सरांनी ठोकळा उलटा केला. कोरडा.

पुढचा. काटा चढत गेला, चढत गेला, कडाड् झालं. तळ बघितला. ओला.

मग टक्, टक्, एकापाठोपाठ दोन. दोन्ही कोरडे. मधेच एकाची तळाची खूण पकडीत बसवतानाच आम्हाला दिसली, कोरडा; तो जरा तग धरून राहिला तेव्हा सर स्टुलावर पुढे सरकले. माझ्या मनात आलं, धर रे बाबा, थोडा तरी धर. माझाच प्रबंध, माझंच निरीक्षण, आणि मी मनातून सरांच्या दाताला जोर लावत होते. तोही सुटला.

डबा रिकामा झाला. सरांनी तुकडे रुमालावर मांडले आणि खिशातून भिंग काढून एकेक बघितला. बराच वेळ बघितला.

"घोरपडे, तुमचं यंत्र तपासून घेतलंय का अलीकडे?"

"मागच्याच महिन्यात, सर. लोखंडाशी खोटं बोलत न्हाई ते. दाताशी कशाला बोलंल?"

सरांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळले. "का?"

"म्हणजे, सर?"

"का सुटतात? काहीतरी विचार केला असशील."

केला होता. "सर, ॲसिडनं वरचा कठीण भाग जातो आणि आतले तंतू मोकळे होतात. पाण्यात ते उभे राहतात. ताज्या मेथीच्या जुडीसारखे. आपण जोरात हवा मारली की ती जुडी उन्हात ठेवल्यासारखी मान टाकते, सगळी पानं एकमेकांवर बसतात. मग चिकटद्रव्याला आत शिरायला वाटच राहत नाही. ओलं ठेवलं तर ते तंतूंच्या मधून आत उतरतं आणि तिथेच घट्ट होतं."

"हे तुला सुचलं?"

"मेथी मला सुचली. बाकी एका मासिकात आलंय."

"मला का नाही दाखवलंस?"

मी डब्याचं झाकण लावायला लागले. ते लागत नव्हतं. सरांनी प्रश्न परत विचारला नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून रस्ता. आमच्या शहराचा फाटा आला, पण गाडी डावीकडे वळली.

"जरा वाट वाकडी करू," सर म्हणाले. "तुला उशीर नाही ना होत?"

"नाही, सर."

थोडं अंतर गेल्यावर ते बोलायला लागले. मोहिते नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. हात चांगला, पण शेवटच्या प्रात्यक्षिकात सरांनी त्यानं तयार केलेला दात बघितला तर ॲसिड धुतल्यानंतर ओलाच. तसाच ओल्यावर तो फिलिंग लावायला निघाला होता. सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्याला नापास केलं. सहा महिने थांबून परत परीक्षा द्यावी लागली त्याला.

"त्याचं बरोबर होतं," सर म्हणाले. "मघाशी ते तुकडे बघताना तोच दिसत होता."

गाव लहानसं होतं. बाजारपेठेत, एका खतांच्या दुकानाच्या माडीवर दवाखान्याची पाटी होती. सर जिना चढले तेव्हा बाकावर चार-पाच पेशंट बसलेले होते. आतून पडदा सारून एक गलेलठ्ठ, हसऱ्या चेहऱ्याचा डॉक्टर डोकावला, आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"सर? सर, तुम्ही?" हातमोज्यांसकटच तो पायाशी वाकला. "काय दुखतंय, सर? दाढ का? फोन केला असता तर मीच आलो असतो."

"काही दुखत नाही. मोहिते, तुला एक सांगायला आलोय."

"आत बसू की, सर."

"इथेच सांगतो. तुला नापास केलं तेव्हाही चारचौघांतच केलं होतं." आणि उभ्यानंच, त्या पेशंटांसमोर, सरांनी सगळं सांगितलं. यंत्र, कोरडे दात, ओले दात, फाटलेला टवका. शेवटी म्हणाले, "तू दात ओला ठेवलास ते योग्य होतं. मी चुकलो. सहा महिने गेले तुझे."

बाकावरचा एक म्हातारा पेशंट गाल धरून हे सगळं मन लावून ऐकत होता.

मोहित्यांनी हातमोजे काढले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळेना. मग ते खाली बघत, शाळकरी पोरासारखे म्हणाले, "सर, आता तुम्ही इतक्या लांबून आलात म्हणून खरं सांगतो. रागवू नका. मला काही ठाऊक नव्हतं ओ. माझ्या खुर्चीची हवेची नळी तुंबली होती. हवा येतच नव्हती. तसाच लावत होतो, दिसणार नाही म्हणून."

सर बघत राहिले. "नळी तुंबली होती?"

"हो सर."

"मग मला सांगितलं का नाहीस? शेजारची खुर्ची दिली असती."

मोहिते हसले. प्रेमानं, अगदी मोकळेपणानं हसले. "तुम्हाला? सर, तुम्हाला कोण सांगणार?"

बाकावरचा म्हातारा खुदकन हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. त्याबरोबर सगळेच हसले. सरसुद्धा, पण जरा उशिरानं.

"आणि सर, सहा महिन्यांचं मनावर घेऊ नका," मोहिते म्हणाले. "त्या सहा महिन्यांत खालच्या बॅचच्या मुलींबरोबर बसावं लागलं. त्यातलीच एक आत पेशंट बघतीये. राजश्री, बाहेर ये, बघ कोण आलंय!"

राजश्रीताई आल्या, पोहे आले, चहा आला. म्हाताऱ्याची दाढ सरांनी स्वतः बघितली. मोहित्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किती ओला ठेवायचा, नक्की?" मी सांगितलं, अजून ठरवायचंय. त्यांनी आपला पत्ता लिहून दिला आणि ठरलं की कळवा म्हणाले.

परतताना नदीवरचा पूल लागला तेव्हा त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"शुभदा, मी इतका भीतिदायक आहे?"

मी नदीकडे बघितलं. म्हशी पाण्याबाहेर येत होत्या. "हो, सर," मी म्हणाले.

सर असे मोठ्यानं हसले की गाडीला हिसका बसला आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली.

सोमवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सरांचा तास होता. मी सहसा त्या तासाला जात नसे. त्या दिवशी सरांनी बोलावणं पाठवलं, म्हणून मागच्या दाराशी जाऊन बसले. सर आले, हजेरी न घेता म्हणाले, "मागच्या महिन्यात मी तुम्हाला दात ठणठणीत कोरडा करा असं शिकवलं. ते चूक आहे. खोडा." मग वह्यांची पानं उलटायचा आवाज झाला. सरांनी तुटलेल्या ठोकळ्यांची थाळी पहिल्या बाकावर दिली आणि मागे फिरवायला सांगितली. मेथीची जुडीही सांगितली, माझं नाव घेऊन.

"आता शंका विचारा," ते म्हणाले.

कुणी बोललं नाही. सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी थांबतो. मला घाई नाही."

बाहेर पोर्चमध्ये कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं. मुलं एकमेकांकडे बघत होती. काही जणांना ही नवी शिक्षा वाटत असावी. सर शांत बसले होते. थाळी शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथे एक किरकोळ अंगाची मुलगी बसली होती, वेणी पुढे घेतलेली. तिनं एक ठोकळा हातात घेऊन बघितला, आणि बसल्या जागेवरून, जवळजवळ स्वतःशीच बोलावं तसं विचारलं, "पण सर, ओलं म्हणजे किती ओलं?"

शेजारणीनं तिला कोपर मारलं. ती घाबरून उभी राहिली.

सर उठले. "वा," ते म्हणाले. मग जे म्हणाले ते त्या वर्गात त्यांच्या तोंडून कुणीच कधी ऐकलं नव्हतं. "मला माहीत नाही. शुभदा, तू ये. तू सांग."

मी पुढे गेले. सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर, मुलांच्या शेजारी दाटीवाटीनं जाऊन बसले. मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. इतके चेहरे एकदम माझ्याकडे बघताहेत असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"जमीन सारवल्यावर थोड्या वेळानं कशी दिसते?" मी त्या मुलीला विचारलं. "पाणी कुठे साचलेलं नसतं. पण चमक असते, हात लावला तर गार लागते. तितकं ओलं."

मुलीनं विचार केला. "मॅडम, आमच्या घरी फरशी आहे," ती म्हणाली. "मी सारवलेलं कधी बघितलंच नाही."

वर्ग हसला. तीही हसली. मला कुणी मॅडम म्हणायची ती पहिलीच वेळ. मी सरांकडे बघितलं. बाकावर हाताची घडी घालून ते माझ्याकडे बघत होते, बाकीच्यांसारखेच, पुढचं ऐकायला.

"बरं," मी म्हणाले, आणि दुसरं उदाहरण शोधायला लागले.